जावास्क्रिप्ट लायब्ररी घरोघरी पोचवण्याचा शास्त्रोक्त विधी

लायब्ररी लिहून झाली असेल, तर तिच्या गुणांचा विचार आता सोडून द्यावा. लायब्ररी गुणांवर चालते हा समज नवोदितांत फार आढळतो. तो वेळीच गेलेला बरा.

प्रथम ब्राउझरांचे आपसात भांडण आहे का ते पाहावे. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररचे एक आणि फायरफॉक्सचे भलतेच, अशी स्थिती होती. जेक्वेरीने मध्ये पडून दोघांनाही एका डॉलरच्या चिन्हाखाली गप्प बसवले. मध्यस्थाला मान मिळतोच, पण मान मिळाला म्हणून घरोघरी प्रवेश मिळत नाही. तो मिळाला दुसऱ्यांच्या कृपेने. वर्डप्रेस जेक्वेरी सोबतच देऊ लागले, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओबरोबर ती देण्याचे जाहीर केले, आणि जिचे नावही कधी ऐकले नव्हते अशा मंडळींच्या संकेतस्थळांवर ती सुखाने नांदू लागली.

तेव्हा मुख्य तंत्र असे: लोकांनी आपल्याला निवडावे ही आशा धरू नये. ज्याला त्यांनी आधीच निवडले आहे, त्याची डिपेंडन्सी व्हावे.

त्यासाठी लायब्ररी मोठी लागत नाही, किंबहुना नसावीच. संख्या विषम आहे का, हे सांगणारे 'इज-ऑड' नावाचे पॅकेज एनपीएमवर आहे. 'इज-ईव्हन'ही आहे. ते इज-ऑडला विचारते आणि उत्तर उलटे करून सांगते. हसण्यापूर्वी आपले नोड-मॉड्यूल्स फोल्डर उघडून पाहावे.

या पंथातला आदर्श म्हणजे लेफ्ट-पॅड. कोड ११ ओळींचा. मजकुराच्या डावीकडे शून्ये किंवा मोकळ्या जागा भरायच्या, एवढेच काम. मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाचा, दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून, किक कंपनीशी वाद झाला. एनपीएमने नाव कंपनीच्या पदरात टाकले. लेखकाने चिडून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली आणि बेबल, रिअ‍ॅक्ट वापरणाऱ्यांची बिल्ड्स जगभर धडाधड पडली. आपण लेफ्ट-पॅड वापरतो हे कित्येकांना त्याच दिवशी कळले. शेवटी एनपीएमलाच ते परत आणून ठेवावे लागले. प्रसिद्धीचा उपाय म्हणून हा रामबाण होता, पण नंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले. नवोदितांनी दुसरे काही शोधावे.

परवाना एमआयटीच ठेवावा. फेसबुकने रिअ‍ॅक्टच्या परवान्याला पेटंटचे कलम जोडले होते. २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने त्याला मज्जाव केल्यावर त्यांनाही निमूट एमआयटीवर यावे लागले. आणि तुम्ही काही फेसबुक नाही.

पुल रिक्वेस्टचा पाऊस पडू लागला तर हुरळून जाऊ नये. ओपन-सोर्स योगदानाला उत्तेजन देणाऱ्या हॅकटोबरफेस्ट उपक्रमात २०२० साली चार रिक्वेस्टांवर टी-शर्ट मिळत होता. साहजिकच रीडमीमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द घुसवणाऱ्या योगदानांचा महापूर आला. (त्याची दीक्षा आपल्याच देशातल्या एका यूट्यूब धड्याने दिली होती, हे अभिमानाने नमूद करावे की कसे, ते वाचकाने ठरवावे.) आयोजकांनी शेवटी नियम बदलला: ज्या प्रोजेक्टला हवे असेल, त्यानेच भाग घ्यावा.

आता लायब्ररी खरोखरच पसरली, हे ओळखायचे कसे? स्टार मोजू नयेत. स्टार देणारा वापरतोच असे नाही, आणि वापरणारा तर सहसा देतच नाही. त्यापेक्षा कोअर-जेएसकडे पाहावे. जुन्या ब्राउझरांना नवी जावास्क्रिप्ट समजावी म्हणून धडपडणारी ही लायब्ररी असंख्य संकेतस्थळांच्या पोटात आहे. तिच्या लेखकाने इन्स्टॉल होताना टर्मिनलवर एक ओळ छापायला सुरुवात केली: लेखक चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. त्यावर प्रतिसाद भरघोस आला. टर्मिनल घाण होते, ही ओळ बंद कशी करायची, अशी विचारणा झाली. लेखकाने तीही सोय करून दिली, अर्थातच फुकट.