पायउतार व्हा, काटोल आलं!

गाडीत बसलेल्या माणसाला मराठीने नाव दिलं उतारू. बसलेला असो, लोंबकळणारा असो, तिकीट फाडल्या क्षणापासून त्याची ओळख एकच: हा पुढे कुठेतरी उतरणार आहे. काटोलकराला हे मान्य आहे. नागपूरहून साठेक किलोमीटर हेलकावे खाल्ल्यावर बस स्थानकात शिरली, की तो न सांगता पिशवी उचलतो. भानगड सुरू होते ती दारात.

खाली चढणाऱ्यांनी दार आधीच अडवलेलं असतं. खिडकीतून रुमाल आत येतो, मागोमाग पिशवी येते, कधी पिशवीचा मालक असलेलं पोरगंही येतं. ‘आधी उतरू तर द्या ना जी!’ असा आतून पुकारा होतो. ‘मग उतरा ना लवकर!’ असं बाहेरून उत्तर येतं. ‘उतरूनच राहिलो ना भाऊ!’ म्हणत एक पाय पायरीवर आणि दुसरा कोणाच्या तरी चपलेवर ठेवून उतारू जमिनीला लागतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, गर्दी वाढली. तिकीट अर्धं झालं तरी दार काही दुप्पट झालं नाही.

या खटाटोपाला शब्द मात्र साधाच, उतरणे. ‘खाली होणे’ चालतं, पण त्यात माणसापेक्षा गाडीची चिंता जास्त. ‘अवतरणे’ही अर्थाने तेच, पण ते देवांसाठी आणि स्वागताच्या फलकांवरच्या साहेबांसाठी राखीव. राहिलं पायउतार होणे. घोड्यावरून, पालखीतून उतरून पाय जमिनीला लावणे, हा त्याचा मूळ अर्थ. घोडे गेले, पालख्या गेल्या, शब्द खुर्चीला चिकटला. एसटीतून कोणी पायउतार झाल्याचं काटोलात ऐकिवात नाही.

खुर्चीची गोष्ट निराळी. तिथे शिरायचं तरी माणूस उतरतोच, रिंगणात. २०१४ साली काटोल विधानसभेला भाजपतर्फे आशिष देशमुख उतरले आणि त्यांनी काका अनिल देशमुखांना हरवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पुतण्यांनी आमदारकी सोडली. ११ एप्रिल २०१९ ला पोटनिवडणूक ठरली, पण निवडून येणाऱ्याला वर्षभरही मिळणार नव्हतं, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. स्टँड दिसायला लागल्यावर नवं तिकीट कशाला फाडायचं?

त्याच वर्षी विधानसभेला काका पुन्हा चढले, थेट गृहमंत्र्याच्या सीटपर्यंत पोचले आणि ५ एप्रिल २०२१ रोजी मंत्रिपदावरून पायउतार झाले. आमदारकी कायम होती. म्हणजे पुढची सीट सोडली, गाडी नाही. २०२४ ला त्यांचे चिरंजीव सलील देशमुख उतरले, पण जागा भाजपच्या चरणसिंग ठाकूरांना मिळाली. पुतणे मधल्या काळात काँग्रेसला हात दाखवून पुन्हा भाजपच्या गाडीत बसले आणि २०२४ ला शेजारच्या सावनेरातून आमदार झाले. याला उतरणं म्हणत नाहीत, गाडी बदलणं म्हणतात.

काटोलचा संत्राउत्पादक या क्रियापदाच्या वेगळ्याच बाजूला राहतो. तहसीलमध्ये तो सातबाराचा उतारा मागतो. बागेवर नजर लागू नये म्हणून दृष्ट उतरवतो. आंबिया बहाराचा माल बाजारात आला की भाव उतरतो, आणि भावाला उतरायला घंटी लागत नाही. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेलं आणि इथल्या बागवाल्यांचे चेहरे उतरले. शेवटी शेतकरी रस्त्यावर उतरतो. त्याला भेटायला नेते गाडीतून उतरतात, निवेदन घेतात, फोटो काढतात आणि पुन्हा गाडीत बसतात. शेतकरी रस्त्यावरच राहतो, कारण त्याची बस गर्दीमुळे न थांबता गेलेली असते.

पुढची विधानसभा निवडणूक २०२९ साली आहे. रिंगणात उतरणारे त्यांचं ते पाहून घेतील. एसटी महामंडळाने तेवढ्या नागपूर-काटोल मार्गावर सकाळ-संध्याकाळ दोन जादा गाड्या सोडाव्यात.