पॉइंट कुणाच्या लायसन्सवर?

आंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षात चौथा प्रवासी ड्रायव्हरच्या शेजारी कसाबसा टेकतो, तेव्हा कायदा नेमकं कोण मोडतं? परमिट तीन प्रवाशांचं. हँडल ड्रायव्हरच्या हातात. पण रिक्षा अनेकदा दुसऱ्याची असते. मालकाचं रोजचं भाडं ठरलेलं, गॅस ड्रायव्हरच्या खिशातून, आणि हे सगळं सुटल्यावर जे उरेल त्यावर ड्रायव्हरचं घर. तीन सीटवर भाडं सुटतं, चौथ्या सीटवर घर चालतं. फोटो निघाला की चलन गाडीच्या नंबरवर फाटतं, मेसेज मालकाच्या मोबाइलवर येतो आणि रक्कम ड्रायव्हरच्या हिशेबातून कापली जाते.

आज कापले जातात ते पैसे. उद्या लायसन्सवर पॉइंट चढू लागले तर?

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत रस्ते अपघातात गेले. त्याच वर्षी केंद्रानं रस्ते वाहतूक आणि सुरक्षा विधेयकाचा मसुदा आणला, त्यात दंडाचे पॉइंट होते. मसुदा बारगळला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दंडाच्या रकमा वाढवल्या, पॉइंट मात्र आले नाहीत. तेलंगणानं १ ऑगस्ट २०१७ पासून ते सुरू केले: दोन वर्षांत बारा पॉइंट झाले की लायसन्स वर्षभर निलंबित.

मला पॉइंट हवे आहेत. हजार रुपयांच्या चलनानं मोठ्या गाडीवाल्याचं काहीच बिघडत नाही, लायसन्स जाईल म्हटलं की तोही ब्रेकवर पाय ठेवेल. पण पॉइंट माणसावर चढतो, आणि आपलं ई-चलन नंबरप्लेटवर उभं आहे. कॅमेऱ्याला प्लेट दिसते, चालवणारा कोण ते कळत नाही. ही फट तशीच ठेवून पॉइंट आणले, तर ते घरातल्या किंवा धंद्यातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर जाऊन बसतील.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच घडलं. २००३ मध्ये ख्रिस ह्यून यांची गाडी वेगमर्यादा ओलांडताना कॅमेऱ्यात सापडली. लायसन्स जाण्याची वेळ आली होती, म्हणून पॉइंट पत्नी विकी प्राइस यांच्या नावावर टाकले गेले. पुढे ह्यून मंत्री झाले, संसार मोडला, प्रकरण बाहेर आलं आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. एका सुशिक्षित, नामांकित अर्थतज्ज्ञ बाईवर नवऱ्याचे पॉइंट चढू शकतात. मग आपल्याकडे स्कूटर आईच्या नावावर, चालवतो मुलगा, ट्रिपल सीट, आणि आईकडे लायसन्सच नाही, तिथे पॉइंट कुठे लिहिणार? मुलगा अल्पवयीन असेल तर कायदा स्पष्ट आहे. कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तो अठरा पूर्ण झाला की मात्र सगळे हात झटकतात.

विकलेल्या गाडीचंही तेच. मालकी हस्तांतराच्या टीटी फॉर्मवर सही केली, पैसे घेतले, नाव बदललंच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या अपघात-भरपाईच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, गाडी पुढे कितीही हात बदलो. भरपाईपुरता हा नियम योग्यच आहे, जखमी माणसानं खरा मालक शोधत का फिरावं? पण पॉइंट म्हणजे भरपाई नव्हे. ज्यानं सिग्नल तोडला त्याचंच लायसन्स जायला हवं.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ पोलिसांनी मागितल्यावर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं मालकावर बंधनकारक करतं. ते कलम वापरा. गाडी कोण चालवत होतं हे ठरल्याशिवाय एकही पॉइंट चढवू नका, आणि खोटं नाव देणाऱ्याला सोडू नका.

इथवर बहुतेकांना पटेल. पुढचं मालकांना पटणार नाही. भाड्यानं रिक्षा चालवणाऱ्याचं लायसन्स गेलं की त्याची चूल विझते. मालक दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर बसवतो, भाडं तेच, चौथी सीट तीच. स्वतःच्या मस्तीत उलट्या बाजूनं रिक्षा घालणाऱ्या ड्रायव्हरची मला अजिबात दया येत नाही. पण चौथी सीट ही मस्ती नाही, तो मालकाच्या हिशेबाचा भाग आहे. ट्रकच्या बाबतीत कायद्यानं हे केव्हाच ओळखलं आहे. जादा माल भरलेला सापडला आणि चालवणारा मालक नसला, तर ते मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, असं कलम ११३ सांगतं. मालाच्या वजनाला लागू होणारा हा न्याय माणसांच्या ओझ्याला का नाही?

म्हणून पॉइंट दोन ठिकाणी चढवा: चालवणाऱ्याच्या लायसन्सवर आणि गाडीच्या परमिटवर. परमिट पाच वर्षांचं असतं. कल्याण आरटीओत ते नूतनीकरणाला येईल तेव्हा, या रिक्षावर किती ड्रायव्हरांची लायसन्सं गेली ते आधी बघा. तीन गेली असतील, तर चौथा ड्रायव्हर बसायच्या आत ते परमिट थांबवा.