मालकी पालकांची, किल्ली साहेबांची

शाळा आता तुमची, हे कर्नाटक सरकारने सीमाभागातल्या पालकांना 2001 सालीच सांगून टाकले. तेव्हा एसडीएमसी, म्हणजे आपली शाळा सुधारणा समिती, आली. पुढे 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने असल्या समित्यांना पक्के आसन दिले. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. कामे तीन : शाळेवर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर नजर आणि विकास आराखडा करून त्याची शिफारस. थोडक्यात, बघायचे, बघत राहायचे आणि सुचवायचे. शिक्षक नेमायचे मात्र वरच्यांनी.

निपाणी-बेळगाव पट्ट्यातली कुठलीही सरकारी मराठी शाळा घ्या. अध्यक्षनिवड म्हणजे ग्रामपंचायतीची रंगीत तालीम. गट पडतात, जेवणावळी झडतात, चौकात फलक लागतो. फलकावर आमदार मोठे, अध्यक्ष मध्यम, शाळा गायब. मग पहिली सभा. ठराव पहिला, शिक्षक द्या. ठराव दुसरा, गळके छप्पर दुरुस्त करा. दोन्ही एकमताने मंजूर. पुढल्या वर्षी ठराव तेच, तारीख तेवढी नवी.

महिला सदस्य वहीत शंभर टक्के हजर! सभा सकाळी अकराला, बाया बिड्या वळणाऱ्या आणि मजुरी हजार बिड्यांमागे. उठून गेले तर उरलेल्या बिड्या वळणार कोण? म्हणून वहीच घरोघर फिरते. तंबाखूने पिवळी पडलेली बोटे सुपातून वर येतात, सही ठोकतात, पुन्हा सुपात जातात. झाला कोरम.

ठरावांना वरून उत्तर येते ते कन्नडमध्ये. अध्यक्ष कागद दोन्ही बाजूंनी न्याहाळतात आणि सातवीतल्या एका पोरीला हाक मारतात. 2015च्या कायद्याने कन्नड शिकणे सक्तीचे केले, त्याचा असाही लाभ. ती खडाखडा वाचून सांगते, ‘काका, पट कमी हाय, म्हणून शिक्षक नाहीत.’ पट का घटला? शिक्षक नाहीत म्हणून. हा पाढा अध्यक्षांना आता तोंडपाठ आहे.

समितीची स्वायत्तता पाहायची तर वर्गणीच्या वेळी पाहावी. रंग, बाके, कुंपण यांसाठी गावापुढे हात पसरायला कुणाची मंजुरी लागत नाही, उलट कौतुक होते. काम उरकले की उद्घाटनाला वरचे सगळे वेळेवर हजर. शाल, श्रीफळ, भाषण. छप्पर गळते तेव्हा शाळा गावाची, कोनशिलेवर नाव कोरायचे तेव्हा सरकारची, अशी ही कामाची चोख वाटणी आहे.