डबीबंद निष्पक्षता

नाण्याला गुण देण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली, त्या डॉ. विल्यम शेल्डन यांच्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. पेशाने ते मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या अंगकाठीवरून त्याचा स्वभाव ओळखण्याचं शास्त्र त्यांनी काढलं होतं. ते शास्त्र आता अडगळीत गेलं. पण अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर त्यांनी १९४९ साली एक पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. ती मात्र जगाने उचलली. शंभर सोडून सत्तरच का? तर १७९४ सालचा पार झिजलेला, जेमतेम ओळख पटणारा सेंट एक डॉलरला मिळत असेल, तर तोच निर्दोष अवस्थेत सत्तर डॉलरला जाईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे आज ज्या आकड्याला लोक नाण्याची अवस्था म्हणतात, तो जन्माने बाजारभाव आहे. ते भाव काही वर्षांतच इतिहासजमा झाले. पट्टी राहिली.

शेल्डन १९७७ साली वारले. त्यानंतर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटीच्या कपाटातले उत्तमोत्तम सेंट त्यांनी काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी तेच प्रकार, पण डावे नमुने ठेवले होते. आपलीच नाणी परत मिळवायला सोसायटीला कोर्टाची पायरी चढावी लागली. कोणतं उचलायचं आणि कोणतं ठेवायचं, हे ठरवायला मोजपट्टी लागतेच. आणि ती स्वतःची असली की हाताला वळण असतं. गुणांकनाच्या धंद्याला इतका कर्तबगार मूळपुरुष लाभल्यावर पुढची पिढी मागे कशी राहील?

पूर्वी हा धंदा साधा होता. अमेरिकेतला नाण्यांचा व्यापारी स्वतःच नाणं पारखायचा, स्वतःच गुण द्यायचा आणि स्वतःच विकायचा. तुमच्याकडून घेताना ते नाणं साठ गुणांचं असे. तेच काउंटरवरून पलीकडे गेलं की त्याला पासष्ट गुण चढत. काउंटर जेमतेम दोन फुटांचा, पण नाण्याची तब्येत सुधारायला तेवढा प्रवास पुरत असे. गिऱ्हाईक हळूहळू वैतागलं. व्यापाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न ऐरणीवर आला, आणि १९८६ साली कॅलिफोर्नियात त्याचं उत्तर सापडलं: व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतंत्र परीक्षण संस्था काढायची. डेव्हिड हॉल आणि त्यांचे व्यापारी सहकारी यांनी स्थापन केलेली ती संस्था म्हणजे पीसीजीएस. नाणं पाठवायचं, तिथले पारखी गुण देणार, मग ते प्लॅस्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद होणार. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात.

सुरुवातीला ही सेवा कुणालाही मिळत नसे. नाणं पाठवायचं तर ते संस्थेने मान्यता दिलेल्या व्यापाऱ्यामार्फतच. ज्याच्या तोंडी ग्रेडवर विश्वास नव्हता म्हणून संस्था निघाली, त्याच्याच हातून अर्ज. शिवाय या व्यापाऱ्यांनी डबीतलं नाणं न पाहता, नुसत्या आकड्यावर विकत घेण्याची तयारी दाखवली होती. नाण्याच्या इतिहासात हा मोठा टप्पा म्हटला पाहिजे. अडीच हजार वर्षं लोक नाणं वाजवून, घासून, दाताखाली धरून घेत आले. आता ते बघायचीही गरज उरली नाही. वॉल स्ट्रीटला हे फार आवडलं. जी वस्तू न पाहता विकता येते तिला वॉल स्ट्रीट गुंतवणूक म्हणते. मेरिल लिंचसारख्या बड्या पेढ्या नाण्यांच्या फंडात उतरल्या, १९८९ साली भाव आभाळाला टेकले आणि १९९० साली जमिनीला.

त्याच १९९० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर दिवाणी कारवाई केली. आक्षेप असा की जाहिरातींतले दावे फुगवलेले आहेत. तडजोड झाली. संस्थेने चूक कबूल केली नाही. फक्त पाच वर्षं आपल्या जाहिराती तपासणीसाठी देण्याचं आणि त्यांत एक खुलासा छापण्याचं मान्य केलं. चूक नसताना पाच वर्षं तपासून घेणं ही केवढी नम्रता!

आणखी एक प्रयोग त्याच वर्षी झाला. पीसीजीएसने नाण्यांना गुण देणारा संगणक आणला. नाव ठेवलं ‘द एक्स्पर्ट’. त्याला ना दुकान, ना भागीदार, ना लिलावात लावलेला पैसा. फार काळ नोकरीत टिकला नाही.

हितसंबंधांची काळजी घेतली जात नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. परीक्षण संस्थांमधल्या पारख्यांना नाण्यांचा व्यापार करायला मनाई असते. नाणं कुणी पाठवलं हे त्यांना कळू दिलं जात नाही. हे नियम खरे आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाळलेही जातात. पारखी बिचारा खोलीत दिव्याखाली मान खाली घालून बसतो आणि एकामागून एक नाणी डोळ्यांखालून घालतो. त्याला डॉलरचाही मोह पडू नये अशी व्यवस्था चोख आहे. मोहाची सगळी सोय वरच्या मजल्यावर केलेली आहे.

तीही गुपचूप नाही. ऐंशीच्या दशकात एनसीआय नावाची परीक्षण संस्था होती आणि ती हेरिटेज या टेक्ससमधल्या मोठ्या नाणेविक्रेत्या पेढीचीच होती. पीसीजीएसची पालक कंपनी कलेक्टर्स युनिव्हर्स १९९९ साली नॅसडॅकवर आली तेव्हा तिच्याच छताखाली लिलावाची आणि विक्रीचीही खाती होती. ती काही वर्षांनी विकून टाकली. मग २०२१ साली काही धनाढ्य गुंतवणूकदारांनी ही कंपनी सुमारे ८५ कोटी डॉलरना शेअरबाजारातून उचलून खासगी केली. नव्या मालकांना आल्या आल्या काय घ्यावंसं वाटलं असेल? लिलावघर. त्याच वर्षी त्यांनी बेसबॉलपटूंसारखे खेळाडू ज्यांवर छापलेले असतात त्या कार्डांचा लिलाव करणारी गोल्डिन ही पेढी विकत घेतली. पुढे २०२४ साली ती ईबेला विकली हे खरं, पण ही कंपनी नाण्यांप्रमाणे कार्डांनाही गुण देते, म्हणजे मधली तीन वर्षं कार्डाला गुण देणारा आणि कार्डावर हातोडा पाडणारा एकाच घरचा होता. प्रतिस्पर्धी एनजीसीच्या पालक कंपनीत ब्लॅकस्टोनने २०२१ सालीच बहुसंख्य हिस्सा घेतला. तेव्हा एका नाण्याच्या गालावर ओरखडा आहे की नाही, या प्रश्नात आता जगातली मोठमोठी भांडवलं गुंतली आहेत.

आता फीचं बघू, कारण आमच्या मते या सगळ्या इमारतीचं सर्वांत देखणं दालन तेच आहे. स्वस्त नाण्याला ठरलेली फी. पण महागड्या नाण्याला ठरलेल्या आकाराशिवाय नाण्याच्या किमतीचा एक टक्का वर. किंमत ठरते कशावर? गुणांवर. गुण कोण देतं? फी घेणारा. शिवाय स्वस्त वर्गात पाठवलेलं नाणं गुण मिळून महाग ठरलं तर फरकाची रक्कम मागाहून वसूल होते. दहावीच्या बोर्डाने उद्या असा नियम केला की विद्यार्थ्याला नव्वद टक्के पडले तर परीक्षा शुल्क दुप्पट, तर महाराष्ट्रात नापासांची संख्या शून्यावर येईल आणि पालकही हसत हसत पैसे भरतील. यात कुणी कुणाला फसवत नाही, हे लक्षात घ्या. पाठवणाऱ्याला गुण जास्त हवेत, देणाऱ्याला फी जास्त हवी आणि विकणाऱ्याला भाव जास्त हवा. अहो रूपम्, अहो ध्वनिः! या मैफिलीत एकच माणूस हजर नसतो, तो म्हणजे शेवटी ते नाणं विकत घेणारा.

एका गुणाची किंमत किती असू शकते याची कल्पना यावी म्हणून १९०१ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत पडलेला मॉर्गन डॉलर घ्या. झिजलेला असेल तर किरकोळीत मिळतो. न वापरलेला चौसष्ट गुणांचा झाला की चांगली मोटार येईल एवढा महाग. पासष्टला पोचला की त्याच्याही कित्येक पट. चौसष्ट आणि पासष्ट यांतला फरक भिंगातूनही भल्याभल्यांना सांगता येत नाही, आणि खोलीतली तीच दोन माणसं पुढच्या महिन्यात उलट सांगू शकतात. म्हणून व्यापारी काय करतो? डबी फोडतो, नाणं काढतो आणि पुन्हा पाठवतो. पुन्हा चौसष्ट आले तर पुन्हा. परीक्षण संस्थेला दर खेपेला फी मिळते. कोणत्या गुणांची किती नाणी जगात आहेत, याची मोजदादही हीच संस्था छापते. डबीतली जुनी चिठ्ठी परत केली नाही तर एकच नाणं त्या यादीत तीनदा जन्म घेतं. भावपत्रकही संस्थाच छापते. कुणाचा संग्रह देशात पहिला, याची क्रमवारीही तीच लावते. २०१० साली पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही संस्थांनी पासष्ट आणि सहासष्ट यांच्यामध्ये ‘पासष्ट अधिक’ नावाची नवी पायरी बसवली, तेव्हा जुन्या डब्या पुन्हा टपालात पडल्या.

एवढं होऊनही गिऱ्हाइकाचा विश्वास डळमळतोच. मग १९८७ साली एनजीसी उभी करणाऱ्या जॉन अल्बानीज यांनी २००७ साली सीएसी नावाची संस्था काढली. तिचं काम डबीवरची ग्रेड खरोखर पटण्याजोगी आहे की नाही हे बघणं. असेल तर हिरवी टिकली, दिलेल्या गुणांपेक्षाही नाणं सरस असेल तर सोनेरी. अल्बानीज यांच्या नजरेला बाजारात मान आहे आणि तो त्यांनी कमावलेला आहे. सीएसी आपली टिकली लागलेल्या नाण्यांना स्वतः खरेदीचे भावही देते. टिकली लावणारा आणि टिकलीचं गिऱ्हाईक एकच असला की टिकलीला किंमत राहतेच. मग २०२३ साली सीएसीने स्वतःची परीक्षण संस्थाच सुरू केली. भागधारकांत व्यापारीही आहेत आणि संग्राहकही. १९८६ साली व्यापाऱ्यांवर विश्वास नव्हता म्हणून सुरू झालेला हा प्रवास व्यापाऱ्यांनी भांडवल घातलेल्या नव्या डबीपर्यंत आला आहे. मधल्या काळात फक्त प्लॅस्टिक सुधारलं.

हमीचाही उल्लेख करायला हवा, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा ठपका यायचा. गुण जास्त पडले असं सिद्ध झालं तर संस्था भरपाई देते. सिद्ध झालं की नाही, हे तीच संस्था पुन्हा बघून ठरवते.

पुण्याच्या जुन्या बाजारात रस्त्यावर फडकं पसरून शिवराई विकणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. ‘साहेब, ओरिजिनल आहे’ म्हणतो तोही तोच, भाव सांगतो तोही तोच आणि भाव पाडल्यावर ‘तुम्हांला म्हणून देतो’ म्हणतो तोही तोच. त्याच्याकडे परीक्षकाचा आणि विक्रेत्याचा वाद होत नाही. दोघे एकाच गोणपाटावर मांडी घालून बसलेले असतात आणि ते तुम्हांला दिसतात. ती शिवराई अमेरिकेला पाठवून डबीत घालून आणायची हौस असेल, तर १९७२चा पुरावशेष कायदा आडवा येतो. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर धाडता येत नाही. सरकारने कळत नकळत आपल्यावर केलेल्या उपकारांत याची नोंद व्हावी.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत आणि ज्यांना तिथे घेतलेला मॉर्गन डॉलर तपासून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक व्यावहारिक सूचना. संस्थेच्या अर्जात ‘घोषित किंमत’ असा एक रकाना असतो. अजून कुणी नाणं पाहिलेलं नाही, गुण पडलेले नाहीत, पण किंमत तुम्हांलाच भरायची असते. कमी लिहिली तर टपालात हरवल्यावर विम्याचे पैसे तेवढेच. जास्त लिहिली तर नाणं महागड्या वर्गात जातं आणि फी त्या दराने लागते. बरोबर आकडा कोणता, हे विचारायला बहुतेक लोक जवळच्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे जातात.