एवढं मावत नाही

तलासरीहून उधव्याच्या रस्त्याला लागलं की गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या शहरी माणसाच्या डोळ्यांत चमक येते. त्याला आदिवासी संस्कृतीची गोष्ट सांगायची असते. ती तो घरूनच ठरवून आणतो: सुरकुतलेला चेहरा, तारपा, कुडाची भिंत आणि कलतं ऊन. मध्ये मोटरसायकल किंवा प्लास्टिकची खुर्ची आली की त्याचा जीव कासावीस होतो. “दादा, गाडी तेवढी बाजूला घेता का?” दादा घेतो. हप्ते अजून चालू आहेत, तेव्हा फोटोत आधी गाडीच यायला हवी असं त्याला वाटत असणार; पण त्याला विचारतो कोण?

ही खोड जुनीच. विल्यम जॉन्सनने १८६३ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात माणसं एकीकडची आणि मागचा देखावा दुसरीकडचा, असे जोडफोटो आहेत. संगणकाचं नावही नव्हतं, तरी जुळवाजुळव चोख!

आणि हे चालतं कुठे, तर डहाणू-तलासरीत, जिथं भिंतीच गोष्टी सांगतात. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी असते, आणि धवलेरी ही पुजारीण गाणी गाऊन लग्न लावते. वारली चित्रात कुणी लावणी करतंय, कुणी ताडावर चढलंय, कोंबड्या दाणे टिपताहेत. नुसतं बघत उभं राहिलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या चित्रकारांनी आगगाडी आणि मोटारही चित्रात घेतली. त्यांना कुणाला बाजूला व्हायला सांगावं लागलं नाही.

माझा एक फोटोग्राफर मित्र मात्र भला. फोटो छापून परत नेऊन देतो, जे सहसा कुणी करत नाही. उधव्याजवळच्या पाड्यावर एका आजीला त्याने तिचाच फोटो दिला. नुसता चेहरा, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असा. आजीने तो उलटासुलटा करून पाहिला. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं नाही, पाय नाहीत, घर नाही, नातू नाही.

“यात मी करते काय?” तिने विचारलं.

मित्राकडे उत्तर नव्हतं. मग आजीनेच मांडामांड केली. स्वतः सूप घेऊन बसली, नातवाला मोटरसायकलवर बसवलं, सुनेला हंड्यासह बोलावलं. बकरीही हवी होती, पण ती ऐकेना. मित्र लेन्स फिरवून फिरवून घामाघूम झाला.

“आजी, यात एवढं मावत नाही.”

“मग मागं हो.”

तो मागं होत होत पार डांबरी रस्त्यावर पोचला. आजीचा हात अजून ‘आणखी मागं’ असंच खुणावत होता, आणि दादरा-नगर हवेलीची हद्द तिथून काही फार लांब नाही.