आऊट

लोणावळ्याच्या गवळीवाड्यात आमच्या शेजारच्या काकांच्या दारात कुणी मोटारसायकल उभी करत नाही. केलीच, तर काका पाना घेऊन बाहेर येतात आणि एकेका तारेवर टिचकी मारतात. टण्, टण्, टण्, ठप्. ‘‘ही सैल आहे,’’ म्हणतात. मग गाडीवाल्याचा अख्खा रविवार गेला. बिनतारांच्या मॅगव्हीलच्या गाडीकडे मात्र ते बघतही नाहीत.

काकांची नोकरी रेल्वेत झाली. कर्जतहून गाडीला मागून ढकलत घाट चढवणारी बँकर इंजिनं इथं सुटतात, ती सोडण्यात काकांची हयात गेली. आगगाडीच्या चाकाला तारा नसतात. ती कसर आता भरून निघतेय.

पावसाळ्यात भुशीच्या वाटेवरच्या खड्ड्यात माझ्या बुलेटची पुढची रिंग वाकली आणि चाक त्यांच्या हाती लागलं. नवी रिंग, 40 तारा. आतल्या तारेचा बाक वेगळा, बाहेरचीचा वेगळा, म्हणून काकूंच्या दोन वाट्या आधीच जप्त झाल्या. व्हाइसमध्ये भंगारातला पुढच्या चाकाचा चिमटा उलटा आवळला, त्यात चाक अडकवलं. रिंगेपाशी टोक येईल अशी काकूंची विणायची सुई बांधली.

‘‘आऊट दोन जातींचा,’’ काका म्हणाले. ‘‘एक वर-खाली उडी मारणारा, एक डावी-उजवीकडे डुलणारा. आधी उडी काढायची.’’ रिंग डावीकडे आली की उजवीकडच्या तारा ताणायच्या, डावीकडच्या तेवढ्याच सोडायच्या. पण तारेच्या टोकाच्या निपलला एका वेळी पाव फेराच. अर्धा दिलात, तर डोलणं जातं आणि उडी परत येते. (संसाराचंही असंच, असं काका म्हणणार होते, काकू ऐकत होत्या म्हणून थांबले.)

मग तबला लावावा तसं ठोकत ठोकत काका तारा सुरात आणू लागले. काकू भजनी मंडळातल्या. स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘अहो, तिसरी उतरलीय!’’ खरोखरच उतरली होती. काका दोन तास बोलले नाहीत.

संध्याकाळी सुई आणि रिंग यांत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक उरला. कंपनीलाही चालतो तेवढा. काकांना चालेना. निपलबाहेर आलेली तारांची टोकं कानशीनं घासून झाली, ट्यूबला टोचू नयेत म्हणून. रिंगेवरून बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा हात फिरवून झाला. पण चाक चिमट्यातच.

चौथ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, ‘‘काका, चाक नेऊ?’’

‘‘ने की,’’ काका म्हणाले. मी उचलायला वाकलो, तसा त्यांचा चेहरा पडला.

‘‘म्हणजे... रस्त्यावर नेणार?’’