पिवळ्यात आहे

कप्पेबाज प्रवासी बालाघाटच्या मराठी घरांतून हमखास सापडतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, गुडघे थोडे कुरकुरणारे आणि लेक पुण्यात दिलेली, एवढे त्याचे साधारण वर्णन. ओळख मात्र चेहऱ्यावरून नाही, बॅगेवरून पटते. इतरांच्या बॅगेत कपडे असतात, याच्या बॅगेत बॅगा असतात: नायलॉनच्या, वरून जाळीच्या, तीन बाजूंनी चेन फिरणाऱ्या सात चौकोनी थैल्या. विकणारे त्यांना पॅकिंग क्यूब म्हणतात. घरात त्यांना कप्पे म्हणतात, आणि बायको त्यांना नावच घेत नाही, नुसते ‘ते तुमचं’ म्हणते.

हे सात कप्पे लेकीने वाढदिवसाला घरपोच धाडलेले असतात. आलेल्या दिवशीच त्यांची वाटणी होते. निळ्यात शर्ट-पॅन्ट, राखाडीत आतले कपडे, हिरव्यात टॉवेल आणि पंचा, लालमध्ये औषधे, जांभळा आणि गुलाबी बायकोचे, तिला न विचारता. उरला पिवळा. तो आकाराने सगळ्यांत लहान. ज्या माणसाची तीस-बत्तीस वर्षे फायली लावण्यात गेली, त्याला ‘संकीर्ण’ नावाची एक फाईल लागतेच. पिवळा हा त्याचा संकीर्ण. सुई-दोरा, नेलकटर, सुतळी, कुलूप, मेणबत्ती, ओआरएसची पाकिटे, चष्म्याचा बारीक स्क्रू, अडकित्ता, आणि कुठल्या कुलपाची ते कोणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली. जड सामान चाकांकडे ठेवावे, म्हणजे बॅग उभी केली की कलंडत नाही, हा नियम बरोबर आहे आणि तो या माणसाला पाठ आहे. त्यामुळे पिवळा सर्वांत आधी आत जातो आणि सर्वांत खाली बसतो.

येथून पुढचे सगळे दुःख या एका नियमातून निघते.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस हा या जातीचा मुख्य अधिवास. बालाघाटहून सकाळच्या गाडीने गोंदिया गाठायचे, तिथे हिच्यात बसायचे आणि पुण्याला उतरायचे. तिरोडा येते न येते तोच समोरच्या बाईच्या पोराच्या शर्टाचे बटण तुटते. ती कोणाला उद्देशून नाही, सहज म्हणते, सुई असती तर. “पिवळ्यात आहे,” कप्पेबाज म्हणतो, आणि उठतो. बॅग बाकाखालून ओढली जाते, वाटेत आडवी होते, चहावाला पलीकडे थांबतो. निळा निघतो तो बाईच्या मांडीवर, हिरवा खिडकीत, राखाडी वरच्या बर्थवर झोपलेल्या अनोळखी माणसाच्या पायाशी. प्रत्येक कप्पा काढताना त्यात काय आहे ते मोठ्याने सांगितले जाते. राखाडीच्या वेळी बायको खिडकीबाहेर पाहू लागते. तिरोड्याला मागितलेली सुई भंडारा रोडला हातात पडते, आणि ती देताना तो विचारतो, “दोरा कोणत्या रंगाचा पाहिजे?”

शेगावच्या भक्त निवासात पहाटे चारला शेजारच्या खोल्यांना जाग येते ती काकड आरतीच्या आधी, सात चेनींनी. जेवणानंतर कोणी नुसते तोंड वाकडे केले तरी “सुपारी पिवळ्यात आहे.” वारासिवनीच्या लग्नात अंतरपाट धरायला उभ्या माणसाला सेफ्टी पिन हवी होती, मंगलाष्टके संपली, माळा पडल्या, आणि मांडवाच्या मागच्या खोलीतून आवाज आला, “सापडली! पिवळ्यातच होती.” पिवळ्यातच असणार, याबद्दल मांडवात कोणालाच शंका नव्हती.

कप्प्यांनी जागा वाचते, अशी याची श्रद्धा असते. साध्या कप्प्याने जागा वाचत नाही, फक्त सामान फिरत नाही. दुहेरी चेनचा कप्पा असतो, तो दुसरी चेन ओढली की कपड्यांतली हवा काढून त्यांना चपटे करतो. हवा निघते, वजन तेवढेच राहते, आणि मोकळी झालेली जागा हा माणूस मोकळी ठेवत नाही. बालाघाटचा माणूस तर नाहीच, कारण घरात चिन्नोर तांदूळ असतो. २०२१ मध्ये या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तो लेकीकडे न नेणे हा जिल्ह्याचाच अपमान ठरतो. पाच किलो चिन्नोर हिरव्यात, टॉवेलाच्या पोटात. रेल्वेत हे खपते. स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान फुकट नेता येते. विमानात सहसा १५. लेकीने एकदा हौसेने विमानाची तिकिटे काढली, काट्यावर साडेतीन किलो जास्त भरले, आणि काउंटरवरच्या पोरीला “हवा काढली आहे न जी” हे पटवण्यात दहा मिनिटे गेली. शेवटी वजन कमी करायला पिवळा काढून हातातल्या पिशवीत टाकला. तपासणीच्या यंत्राने पिवळ्यात काय आहे ते बरोबर ओळखले. अडकित्ता वडिलांचा होता, तो तिथेच राहिला. त्यानंतर हा माणूस विमानाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो.

हे खूळ नवे आहे असे लेकीला वाटते, बायकोला वाटत नाही. सासूची ट्रंक तिने पाहिलेली असते. झाकणावर पांढऱ्या रंगात सासऱ्यांचे नाव आणि खाली ‘बालाघाट, सी. पी.’, मध्यप्रांत जाऊन १९५० मध्ये मध्यप्रदेश झाला, तरी झाकण कोणी पुसले नाही. आत जुन्या लुगड्यांचे फाडलेले तुकडे, एकेका माणसाचे कपडे एकेका तुकड्यात गाठ मारून. कोणाचे गाठोडे कोणते, ते काठाच्या रंगावरून कळे. चेन तेवढी नव्हती. आणि ट्रंक वाटेत उघडायची सोयही नव्हती. अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या लाइनीच्या डब्यात समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत. काही काढायचे तर आधी दोन माणसे उभी करावी लागत. गोंदियाकडची लाइन मोठी झाली, २०१५ मध्ये जबलपूरकडची छोटी गाडीही थांबली. मोठ्या लाइनीने बालाघाटला काय दिले याची चर्चा पुष्कळ होते. कप्पेबाजाला तिने बॅग आडवी करायला जागा दिली.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने नोंदवावी लागते. रात्री मनमाड सोडल्यावर डब्यात एखाद्या लेकराला उलट्या सुरू होतात. आई घाबरते, बाप टीसीला शोधायला धावतो, बाकीचे पाय वर घेतात. तेव्हा अंधारात एक बॅग ओढल्याचा आवाज येतो, आणि या वेळी भंडारा रोड यावे लागत नाही. हिरव्यातला स्वच्छ टॉवेल, लालमधली गोळी, पिवळ्यातले ओआरएस, पिवळ्यातलीच प्लॅस्टिकची पिशवी. न बोलता, एकापाठोपाठ. राखाडीची वाच्यता होत नाही. सकाळी तेच लेकरू त्याच्या मांडीवर बसून पिवळ्याची चेन पुढे-मागे करत असते, आणि चेन बिघडेल असे तो त्याला सांगत नाही.

लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला जायचे होते तेव्हा बॅग आठ दिवस आधीच भरून झाली होती. दीड महिना मुक्काम पडला. लेकीचे घर दोन खोल्यांचे, कपाट एक. निळ्यात झबली गेली, हिरव्यात दुपटी, राखाडीत लंगोट. पिवळा शेवटपर्यंत बॅगेत होता. मग गुटीचे सामान कुठे ठेवायचे, असा प्रश्न निघाला. सुतळी, कुलूप आणि ती किल्ली टेबलाच्या खणात गेली, सुई-दोराही गेला, आणि पिवळ्यात वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड ओळीने लागले. सहाण तेवढी बाहेर राहिली.

“बाबा, राहू द्या न इथंच,” निघताना लेक म्हणाली. “नेणार तरी काय तुम्ही त्यात?”

परतीच्या बॅगेत कपडे नुसतेच होते, वर एक साडीच्या दुकानाची पिशवी. गाडीत तो फारसा बोलला नाही. सकाळी भुसावळला एक कॉलेजचा मुलगा चढला, त्याच्या सॅकचा पट्टा तुटला होता. “काकाजी, सुई-दोरा असेल का?”

“पिवळ्यात आहे,” तो म्हणाला. हात बाकाखाली गेला, बॅग अर्धी बाहेर आली, आणि तिथेच थांबली.

“पिवळा पुण्याला राहिला,” बायकोने त्या मुलाला सांगितले, आणि आपल्या ब्लाउजची सेफ्टी पिन काढून दिली.